बासष्ट ताऱ्यांची दुसरी मोजणी

झेरॉक्सच्या तिसऱ्या पानावर, तक्त्याच्या चौथ्या रकान्यात, '१४ जानेवारी २००३' या तारखेच्या उजव्या बाजूला पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता आणि नंतर खोडला होता. शिसं निघून गेलं होतं. पण लिहिणाऱ्याने जोर दिला असावा, कारण कागदावर वळ राहिला होता, आणि पान खिडकीकडे जरा तिरकं धरलं की तो वाचता येत होता: ०.८६.

डॉ. राजनंदिनी जगदाळे यांनी तो आकडा तीन दिवसांत निदान दहा वेळा वाचला. शोधनिबंध त्यांचाच होता, बावीस वर्षांपूर्वी छापून आलेला. प्रत मात्र त्यांची विद्यार्थिनी मंगल कोकरे हिची होती. तिच्या प्रबंधाच्या कागदांत चुकून त्यांच्या टेबलावर आली होती. बाईंनी अर्थ लावून पाहिला. मोजणीतली चूक एवढी नव्हती. कसलं गुणोत्तर म्हणावं तर त्या ओळीत भागण्यासारखं काही नव्हतं. मंगल उगाच काही लिहिणारी नव्हती, आणि लिहिलेलं उगाच खोडणारी तर मुळीच नव्हती. त्या दोन मिलिमीटरच्या आकड्याने बाईंची तीन दिवस झोप नीट होऊ दिली नाही.

मंगल म्हसवडकडची, मेंढपाळाच्या घरातली. साताऱ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत तिने सहा वर्षं बाईंच्या हाताखाली काम केलं होतं. काम बाईंच्याच जुन्या विषयावरचं: सारथी तारकासमूहातला एक लहानसा तारकागुच्छ.

एकाच ढगातून एकाच सुमाराला जन्मलेले काहीशे तारे एकत्र राहतात, त्याला गुच्छ म्हणतात. तो आकाशगंगेतून फिरत असतो आणि आकाशगंगा त्याला सुखाने फिरू देत नाही. जन्मानंतर उरलासुरला वायू उडून जातो, तेव्हाच बहुतेक गुच्छ विस्कटतात. त्यातून वाचलेल्यांच्या कडेचे तारे आकाशगंगेची ओढ एकेक करून काढून नेते. वाटेत एखादा मोठा ढग आडवा आला तर तो जाता जाता हिसका देतो. आतल्या आत जड तारे मध्याकडे सरकतात आणि हलक्यांना बाहेर घालवतात. एवढं सगळं सोसून काही थोडे गुच्छ मात्र अब्जावधी वर्षं टिकतात. कोणता टिकेल हे सांगायचं तर त्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजावे लागतात. वेगांमधली तफावत फार असेल तर गुच्छाचं गुरुत्व ताऱ्यांना धरून ठेवू शकत नाही.

बाईंनी बासष्ट तारे मोजले होते. तफावत सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर निघाली होती. म्हणजे गुच्छ फुटत होता. चार-पाच कोटी वर्षांत त्याचं नाव राहणार नव्हतं. या निबंधावर त्यांना कॉलेजातली कायम नोकरी मिळाली, आणि पुढे चार देशांतल्या लोकांनी गुच्छांच्या आयुष्याची गणितं मांडताना त्यांचा आकडा वापरला.

मंगलने तेच बासष्ट तारे सहा वर्षांत दहा-दहा वेळा मोजले. त्यातले तेवीस एकटे नव्हतेच, जोडतारे होते. न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती तारा गिरक्या घेत असला, तर एका मोजणीत त्या गिरकीचा वेगही त्याच्या चालीत धरला जातो. दोघी अंगणात फुगडी घालताहेत आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की घर सोडून पळताहेत, तसं. हे तेवीस बाजूला काढल्यावर उरलेल्यांची तफावत पाऊण किलोमीटरच्याही खाली आली. गुच्छ फुटत नव्हता. चांगला बांधलेला होता, आणि निदान पन्नास कोटी वर्षं टिकणार होता.

शास्त्रात माणसं चुकतात. त्याची लाज नसते. अडचण वेगळी होती. बाईंच्या निबंधात लिहिलं होतं की प्रत्येक तारा दोनदा मोजला, एक वर्षाच्या अंतराने. वर्षाचं अंतर असतं तर निम्म्याशिम्म्या जोड्या तेव्हाच उघड्या पडल्या असत्या. मग एकही कशी सापडली नाही?

उत्तर बाईंना माहीत होतं. दोन्ही मोजण्या लागोपाठच्या रात्रींच्या होत्या. २००२ सालची भोगी आणि संक्रांत, अमावस्येचा काळोख. निबंध पाठवल्यावर परीक्षकाने कळवलं की जोडतारे वगळण्यासाठी आणखी एक हंगाम मोजा. वेधशाळेने २००३च्या फेब्रुवारीतल्या तीन रात्री दिल्या. नोकरीची मुलाखत मात्र त्याआधी होती, आणि तिथे निबंध स्वीकारल्याचं पत्र दाखवायचं होतं. बाईंनी संक्रांतीच्या मोजणीपुढचं साल बदललं, बाकी काही नाही. मग फेब्रुवारीच्या रात्री प्रकृतीचं कारण सांगून परत केल्या. गेल्या असत्या आणि आकडे वेगळे आले असते, तर काय करणार होत्या?

निबंध मागे घ्यायचा, हे त्यांनी पहिल्यांदा २००९ साली ठरवलं. मग बढती आली. पुन्हा ठरवलं तेव्हा मुलीचं लग्न निघालं. नंतर दर डिसेंबरात ठरवायचं आणि जानेवारी उलटून जाऊ द्यायचा, असं चाललं होतं. आता मंगलचा प्रबंध सात महिने त्यांच्या टेबलावर सहीविना पडला होता. कधी संदर्भसूचीची मांडणी चुकली, कधी आलेखाची अक्षरं बारीक, कधी प्रस्तावना लांबली. ऑगस्टमध्ये कायम पदाची एक जाहिरात येऊन गेली, तेव्हा मंगल त्यांच्या दारात उभी राहिली होती. तशीच निघून गेली.

शेवटी विद्यापीठानेच तारीख दिली. सांगलीच्या कॉलेजात समितीपुढे मंगलने काम मांडायचं आणि मार्गदर्शक म्हणून बाईंनी हजर राहायचं. समितीचे अध्यक्ष डॉ. इंद्रजित थोरात, २००३च्या त्या मुलाखतीत बाईंच्या विरुद्ध बसलेला दुसरा उमेदवार.

सकाळी साताऱ्याहून दोघी बाईंच्या गाडीतून निघाल्या. कराड मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "तेरावी स्लाइड काढून टाक."

"का?"

"वेळ कमी आहे."

"तेराव्या स्लाइडमध्ये जोडतारे आहेत, मॅडम. ती काढली तर माझ्याकडे बोलायला फक्त हवापाणी उरतं."

"जरा तोंड सांभाळून."

"सहा वर्षं सांभाळलंय," मंगल म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

पेठ नाक्यावर तिचे वडील कोंडीबा उभे होते. धोतर, तांबडा पटका आणि डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं माण सोडून कृष्णाकाठी उतरली होती, आणि आठ दिवसांपूर्वी मिरजेत त्यांचा मोतीबिंदू काढला होता. आज दाखवायला जायचं होतं. "वडील वाटेत आहेत, मिरजेला सोडू," असा मंगलचा निरोप बाईंच्या फोनवर आदल्या दिवशी आला होता. ती विनंती नव्हती, कळवणं होतं.

"रामराम बाई," कोंडीबा मागच्या सीटवर अवघडून बसत म्हणाले. "एस्टीनं गेलो आसतो, पर ही आयकतीया व्हय?"

आष्ट्याच्या रस्त्याला लागताच त्यांनी तोंड उघडलं.

"बाई, तुमची सही कवा व्हनार?"

"आबा," मंगल म्हणाली.

"आगं, इचारलं तर काय जीब झडती?"

"काम पुरं झालं की होईल," बाई म्हणाल्या.

"आमचं मेंढरू पाच म्हयन्यात पुरं करतंय बाई. तुमचा सातवा लागला."

मंगलच्या खांद्यांना हसू फुटलेलं बाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि गियर जरुरीपेक्षा जोरात टाकला. विषय बदलायचा म्हणून त्या म्हणाल्या, "डोळा कसा आहे आता?"

"झ्याक हाय. चांद दिसाय लागला. आदी चांदाच्या जागी कापसाचा बोळा दिसायचा." कोंडीबांना आता बोलायला मोकळं रान मिळालं. "ह्या मंगलला बी चांदाचं लय याड. चार वर्सं जाली आसतील, तळावर आली आन म्हनती, आबा, त्या दुस्काळाच्या साली आपुन संक्रांतीला खिंड उतरलो, तवा चांदनं हुतं का न्हवतं? म्या म्हनलं, मला काय इचारतीस, तू बी हुतीस की संगं. धा वर्साची पोर, कोकरू उराशी धरून चालली हुती. चांदनं आसं पडल्यालं की मेंढरांच्या कानावरचं डाग मोजून घ्यावं. चांद रोहिणीला खेटून हुता."

"आबा, गप बसा."

"का? खोटं हाय?"

"खरं हाय. गप बसा."

पुढे उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या. रस्ता मोकळा असूनही बाई बराच वेळ त्याच्या मागेच राहिल्या.

दुष्काळाचं साल म्हणजे २००३. अमावस्या दर वर्षी अकरा दिवस आधी येते. त्या संक्रांतीला पौष शुद्ध द्वादशी असणार. चंद्र शंभरात शहाऐंशी उजळलेला, तोच पेन्सिलीचा ०.८६, रोहिणीजवळ, त्यांच्या गुच्छापासून जेमतेम पंधरा अंशांवर. तेवढ्या उजेडात मंद ताऱ्यांचा वर्णपट तितका स्वच्छ मिळणं शक्यच नव्हतं. आणि त्यांनी लिहिलं होतं, 'दोन्ही मोजण्या काळोख्या रात्रींच्या.' साल बदलताना त्यांनी पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती तपासली होती. तारीख तीच असल्यामुळे ती बिनबोभाट जुळली. तक्त्यातली बाकीची प्रत्येक गोष्ट तपासली. आकाशाकडे बघून पोट भरणाऱ्या बाईला चंद्र आठवला नव्हता. आणि ज्या रात्री त्या केवळ कागदोपत्री वेधशाळेत होत्या, त्या रात्री एक दहा वर्षांची मुलगी त्याच चांदण्यातून खिंड उतरत होती.

मिरजेत दवाखान्यापाशी कोंडीबा उतरले. "राग धरू नगा बाई, म्हाताऱ्याची जीब," असं म्हणून पायऱ्या चढून गेले. बाईंनी गाडी चालू केली नाही.

"किती दिवसांपासून?"

"चार वर्षं," मंगल म्हणाली. "त्या उजेडाचं मला आठवत होतं, पण लहानपणचं आठवणं म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून आबांना विचारलं. मग गणित केलं. मग वेधशाळेच्या नोंदवहीची नक्कल मागवली. २००३च्या जानेवारीत तुमचं नाव नाही. फेब्रुवारीत आहे, पण त्या रात्री परत केल्यात."

"आणि चार वर्षं माझ्या घरी येऊन चहा पीत होतीस."

"तुमची सही लागणार होती."

"धमकी देतेस मला?"

"धमकी द्यायची तर तेव्हाच दिली असती. सही तरी वेळेत मिळाली असती."

"तुला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा मी घेतलं. दुर्बिणीवरच्या स्वतःच्या रात्रींतल्या रात्री तुला दिल्या मी."

"दिल्या. मी कुठं नाही म्हणते?"

"मग तो आकडा लिहून खोडलास कशाला?"

"माझ्या प्रबंधात बासष्ट तारे आहेत, मॅडम. तुम्ही नाही आहात." मंगलने बॅग मांडीवर सरळ केली. "थोरात सर आज विचारणार, जुन्या मोजणीत जोड्या का दिसल्या नाहीत. मी माहीत नाही म्हणाले तर ते म्हणतील, हिच्या जोड्या खोट्या. माहीत आहे म्हणाले तर तुमच्यावर आरोप होतो; मग चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत प्रबंध कपाटात. दोन्हीकडून मीच जाते. पण खोटं बोलणार नाही. विचारलं तर सांगेन."

"नोंदवह्या चुकतात."

"चुकतात. चंद्र नाही चुकत."

मागे सांगलीपर्यंतचे दहा किलोमीटर बाईंनी कसे काटले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांना या मुलीचा मनापासून राग आला होता. तिच्या शांतपणाचा, तिच्या नीटनेटक्या बॅगेचा, मागच्या सीटवर राहिलेल्या मेंढरांच्या वासाचा. आणि रागाच्या तळाशी एक तयार वाक्य होतं, सात महिन्यांपासून घोटून ठेवलेलं: 'त्या काळच्या उपकरणाच्या मर्यादेमुळे काही जोडतारे निसटले असावेत.' एवढं म्हटलं की झालं. नोंदवहीची नक्कल एका बाजूला, बावीस वर्षांचं नाव दुसऱ्या बाजूला. मेंढपाळाच्या मुलीचं कोण ऐकतं?

समितीच्या खोलीत पंख्याचा आवाज मोठा होता. टेबलापलीकडे थोरात मध्ये, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. एकाचं सारं लक्ष मोबाइलमध्ये. मंगलने इंग्रजीत पाऊण तास काम मांडलं. भाषण इंग्रजीत आणि भांडण मराठीत, ही आपल्याकडची जुनी रीत. ती न अडखळता बोलली: गुच्छ कसा जन्मतो, कोणत्या वाटांनी झिजतो, कडेला सुटलेले तारे त्याच्या पुढे-मागे कसे लांबलचक रांगेत पसरतात, आणि हा गुच्छ त्या झिजेतही आपला गाभा कसा राखून आहे. तेरावी स्लाइड तिने दाखवली. तिच्यावर चांगली पाच मिनिटं घालवली.

दिवे लागल्यावर थोरातांनी चष्मा पुसला.

"जगदाळे मॅडमचा निबंध आम्हाला पाठ आहे. व्हावाच लागला. दोन हजार तीन साली मला तो मुलाखतीत तोंडावर वाचून दाखवला होता." ते बाईंकडे बघून हसले. "तर कोकरे, मॅडम म्हणतात गुच्छ फुटतोय. तुम्ही म्हणता फुटत नाही. गुरू खरा की चेला?"

"तारे खरे, सर."

"बरं. तुमच्या तेवीस जोड्या. मॅडमनी प्रत्येक तारा दोनदा मोजला, मध्ये एक वर्ष. तुमच्याच आकड्यांवरून मी आत्ता हिशेब केला; त्यातल्या अकरा-बारा तरी तेव्हा दिसायलाच हव्या होत्या. दिसल्या किती? एकही नाही. बासष्टच्या बासष्ट ताऱ्यांचा वेग वर्षभरात हलला नाही. म्हणजे काय?"

मंगलने पाण्याचा ग्लास उचलला.

"तुमच्यात मेंढरं मोजताना चुकत नाहीत म्हणे."

मोबाइलवाले सदस्य मान वर न करता हसले.

"नाही चुकत, सर," मंगल म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, पण हलला नव्हता. "म्हणूनच दहा-दहा वेळा मोजलेत."

"मग उत्तर द्या. दोनदा मोजूनही जोड्या का नाही सापडल्या? उत्तर नसेल तर माझं काम सोपं आहे. आधारसामग्री विश्वासार्ह नाही, काम नव्याने करावं, असं लिहितो. दोन वर्षांनी या परत." थोरातांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. "का मॅडमच काही सांगतायत? उपकरण जुनं होतं वगैरे?"

वाक्य त्यांनीच बाईंच्या हातात ठेवलं होतं. फक्त मान हलवायची होती. थोरातांना तेच हवं होतं, हे बाईंनी पाहिलं. मुलगी अडकेल, बाई कायमच्या त्यांच्या उपकारात राहतील, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीला ते असंच चष्मा पुसत हसतील.

मंगलने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ती बाईंकडे बघत नव्हती. मिरजेपासून ज्या नजरेची बाई धास्ती घेऊन होत्या ती नजर तिने आत्ताही वापरली नाही. तिने बॅगेतून नोंदवहीची नक्कलही काढली नाही. तिने फक्त श्वास घेतला आणि तोंड उघडलं, आणि बाईंना कळलं की ही सांगणार. स्वतःचं सहा वर्षांचं काम बुडताना बघत सांगणार, कारण विचारलं होतं.

"सर, दुसरी मोजणी..."

"तू थांब," बाई म्हणाल्या.

आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा चढा आला. मंगल थांबली.

"थोरात, पेन खाली ठेवा. तिला विचारू नका. तिचे आकडे बरोबर आहेत, एकूण एक."

"मग जोड्या?"

"दुसरी मोजणी झालीच नव्हती. दोन्ही रात्री लागोपाठच्या आहेत, एकाच वर्षीच्या. साल मी बदललं."

मोबाइल टेबलावर पालथा पडला.

"मॅडम," थोरात सावकाश म्हणाले, "तुम्ही काय बोलताय हे तुमच्या लक्षात येतंय ना? त्या निबंधावर तुमची नोकरी आहे. माझी नव्हे, तुमची."

"बावीस वर्षं लक्षात आहे. तुम्हाला लेखी हवं असेल तर आत्ता लिहून देते. आणि तिच्या प्रबंधावर माझी सही आजच होईल, तुमच्यासमोर."

मंगल पांढऱ्या पडद्याकडे बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ना आभार होते ना दया, आणि बाईंना त्यांची अपेक्षाही नव्हती.

"आणि निबंध?" थोरातांनी विचारलं. "छापलेला आहे तो. जगभर वापरलेला आहे. त्याचं काय करणार?"

बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"मी तो मागे घेतेय."